बुडबुडे थांबेपर्यंत

परळहून लालबागचा उड्डाणपूल चढताना गाडीने एकदम आचका दिला. मग दुसरा, मग तिसरा. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पाऊस लागून राहिलेला, हिंदमाताला पहाटे भरलेलं पाणी नुकतंच ओसरलेलं. अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते आणि तपासणीसाठी आम्ही गिरगावात निघालो होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबलेला, तरी वेग उतरत चाललेला. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी सीएनजीवरून पेट्रोलचं बटण दाबलं. आचके कमी झाले, पण थांबले नाहीत.

अण्णा बाजूच्या सीटवर काळा चष्मा लावून बसले होते. मान जराशी कलती करून ऐकत होते. म्हणाले, "चौघांतला एक बसलाय, बाय."

अण्णांनी उभ्या आयुष्यात गाडी चालवलेली नाही. पण चार सिलिंडरांपैकी एक काम करत नाही, हे त्यांनी स्कॅनरच्या आधी सांगितलं. भजनात टाळकऱ्यांपैकी एकाचा हात चुकला की बाकीच्यांना न बघताही कळतं, तसं.

त्यांचा कान मिलमध्ये तयार झाला. ते इलेक्ट्रिक खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अण्णांचं वय छत्तीस होतं. संप लांबत गेला तसं पुढे काय होणार ते घरात सगळ्यांनाच दिसायला लागलं. दीड वर्षाने अण्णांनी काळाचौकीच्या एका गल्लीत आठ बाय दहाची जागा भाड्याने घेतली आणि मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी. जळालेली तार काढायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो शाबूत आहे तोवर वेढा वेढ्यापासून वेगळा. तो फुटला की शेजारचे दोन वेढे एक होतात आणि मोटर जळते.

शाळा सुटली की मी दुकानात जायचे. मला एक काम ठरलेलं होतं. वेढे भरून झालेली मोटर अण्णा वॉर्निशच्या टाकीत बुडवायचे. तारांच्या फटींतली हवा बाहेर यायला लागायची: आधी भसाभसा, मग एकेक करून. मी टाकीजवळ स्टुलावर बसून बघत राहायचे आणि बुडबुडे थांबले की हाक मारायचे. एकदा कंटाळून मी आधीच "थांबले" म्हणून सांगितलं. अण्णा हात पुसत आले, टाकीत बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने तळातून एक बारीक बुडबुडा वर आला आणि फुटला. ते रागावले नाहीत. "आत हवा राहिली की तिथूनच जळतं, बाय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. मोटर बाहेर काढून तिच्यावर २०० वॅटचे दोन बल्ब लावून ठेवायचे, रात्रभर सुकायला. त्या वॉर्निशचा वास मला आजही कुठूनही आला तरी ओळखू येतो.

तर गाडी.

दिवा नुसता लागला असता तर दोन दिवस चाललं असतं. लुकलुकणारा दिवा वेगळा. न जळलेलं इंधन सिलिंडरमधून तसंच पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं, आणि त्या उष्णतेने तो महागडा भाग आतून वितळू शकतो. तेव्हा पायाखालचा जोर कमी करायचा आणि जमेल तितक्या लवकर थांबायचं. आम्ही पूल उतरलो, सावकाश गिरगाव गाठलं, डोळा दाखवला आणि तसेच हळूहळू घरी आलो.

गणपती तोंडावर आले होते. दरवर्षी आम्ही खेडजवळच्या आमच्या गावी जातो आणि कशेडीचा चढ मध्ये येतो. उड्डाणपुलावर दमणारी गाडी तिथे काय करेल, या विचाराने मला रात्री झोप लागेना.

गॅसकिटवाल्याने फिल्टर बदलला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी तेच. मग एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०३. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. मुलाने यादी केली: चार कॉइल, चार प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. १४,००० रुपये.

अण्णांनी विचारलं, "तीन नंबरला झालंय काय?"

"काका, आता कोण शोधत बसत नाही. बदलून टाकतात. टेन्शन संपतं."

त्याची बाजू मला कळते. दिवसाला पंधरा गाड्या दारात उभ्या असतात, शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, बदललेल्या भागाचे देतात. पण तो कोड फक्त जागा सांगतो. तिथे ठिणगी कमी पडत असेल, इंधन येत नसेल, वायर तुटली असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. १४,००० खर्चूनही मूळ दुखणं यादीबाहेरचं निघालं असतं, तर ते मला रात्री घाटात कळलं असतं. सोबत आई, अण्णा आणि मागच्या सीटवर मखराचं सामान. मी नको म्हणाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी मला कॉइल पुन्हा एकदा समजावली. लहानपणी ऐकलेलं होतंच.

कॉइल म्हणजे वेटोळं. पातळ लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या. एक जाड तारेची, काही शे वेढ्यांची. दुसरी केसाहून बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. बॅटरीचे १२ व्होल्ट जाड गुंडाळीला मिळतात, करंट चढत जातो, गाभ्यात चुंबकत्व साठतं. करंट दिला की ठिणगी पडते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ठिणगी पडते ती करंट तोडल्यावर. तोडल्या क्षणी चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या टोकाला वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात. ते प्लगच्या दोन टोकांमधली फट ठिणगी होऊन ओलांडतात आणि सिलिंडरमधलं इंधन पेटतं.

हे त्यांनी मला चाळीतल्या नळावर शिकवलं होतं. पहाटे पाणी यायचं तेव्हा सुरुवातीला प्रेशर भरपूर असायचं. अशा वेळी कुणी चावी झटक्यात बंद केली की भिंतीतला पाइप धाडकन वाजायचा, पार वरच्या मजल्यापर्यंत. हळू बंद केली की काही नाही. वाहतं पाणी एकाएकी अडवलं की त्याचा सगळा जोर त्या एका क्षणात पाइपावर येतो. कॉइलमध्ये अडवायचं काम इंजिनाचा कॉम्प्युटर करतो. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे दाखवलं. १८३६मध्ये निकोलस कॅलन नावाच्या आयरिश धर्मगुरूने दोन गुंडाळ्यांची कॉइल करून तिचा करंट जोडत-तोडत मोठाले व्होल्ट मिळवले. मोटारीत बॅटरी आणि कॉइलची ठिणगी नीट बसवली ती चार्ल्स केटरिंगने, १९१०च्या आसपास, कॅडिलॅकसाठी. माणसं बदलली, तार बारीक होत गेली, पण त्या नळाची गोष्ट तीच राहिली.

आमच्या चाळीत तळमजल्याला एक टॅक्सीवाले काका राहायचे. त्यांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिला कॉइल एकच, दुधाच्या पावडरच्या लहान डब्यासारखी, आत तेल भरलेलं. त्या एका कॉइलची ठिणगी डिस्ट्रिब्युटर चारही प्लगना पाळीपाळीने वाटायचा: एक, तीन, चार, दोन. पावसात गाडी बंद पडली की काका बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचे आणि कोरड्या कापडाने आतून पुसायचे. ठिणगी बघायची तर प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची. निळी, कडकडीत पडली तर बरी. पिवळट, मरतुकडी पडली तर कॉइल किंवा कंडेन्सर बघायचा. २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या आणि ती तपासणीही गेली. आताच्या गाड्यांवर तसलं काही करू नये. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. ठिणगीला जायला नीट वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतूनच वाट काढते किंवा कॉम्प्युटरला इजा करते. आणि ते व्होल्ट हाताला लागणं जिवावरचं आहे.

शिवडीला एक मिस्त्री आहेत, अण्णांच्या दुकानात पूर्वी येणारे. त्यांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, गॅसवर जास्त करते की पेट्रोलवर?"

गॅसवर, मी म्हणाले. कोरडी सकाळ असो नाहीतर पाऊस, फरक नाही. थंड असताना नाही, अर्ध्या तासाने. सिग्नलला उभी असताना नाही, चढावर.

त्यांनी मान हलवली. मुंबईतल्या कितीतरी गाड्या गॅसवर धावताना बघून त्यांना हे पाठ झालंय. हवा आणि सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, तेव्हा आणखी लागतात. म्हणजे अशक्त झालेली कॉइल सपाट रस्त्यावर पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर पूल चढताना उघडी पडते. माझ्या उत्तरांवरून ठिणगीकडे संशय वळला होता. पण संशयच.

त्यांनी इंजिन बंद केलं, चारही कॉइलचे कनेक्टर सोडवले, १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढले आणि कॉइल थोडी फिरवून एकेक वर ओढली. लांब काळा रबरी पाय आणि वर काडेपेटीपेक्षा जरा मोठं डोकं. मिस्त्रींनी टॉर्च मारून प्लगचे खड्डे पाहिले. तेल नव्हतं, पाणी नव्हतं. रबरावर पांढुरकी केसासारखी रेघ असेल तर ठिणगी बाहेरून निसटत असते, तेही पाहिलं. रबर स्वच्छ. अण्णांनी घरून आपला काट्याचा मीटर आणला होता. चारही कॉइलवर काटा एकाच जागी थांबला. अण्णांना त्याचं नवल वाटलं नाही. मीटरच्या आत ९ व्होल्टची बॅटरी. तीस हजारांना फुटणारं ९ला कसं फुटेल? दुकानात ते अशा वेळी तारेवरचा थर तपासायचा मेगर लावायचे, जो ५०० व्होल्ट देतो, पण तेवढे व्होल्टही इथे कमीच पडले असते.

मग मिस्त्रींनी तीनची कॉइल एकवर बसवली आणि एकची तीनवर. प्लगना हात लावला नाही. इंजेक्टरला नाही, वायरिंगला नाही. स्कॅनरवरचा जुना कोड पुसला. आता गाडी पुन्हा मिस करेल तेव्हा कोड तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. तिच्याबरोबर एकवर गेला तर कॉइलच. या चाचणीला पैसा लागत नाही, पाना लागतो आणि वेळ लागतो. मला ती फार आवडली. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून दुखणं कुठे जातं ते बघायचं.

अर्धा तास गाडी दारात चालू ठेवली. काही नाही. रेस केली. काही नाही. मिस्त्रींचा पोऱ्या म्हणाला, कनेक्टर काढून लावल्यानेच बरी झाली असेल. तसंही होतं कधीकधी. अण्णा फळीवर बसून होते, म्हणाले, "रिकाम्या मोटरचं दुखणं कळत नाही. ओझं द्या."

मी, अण्णा आणि मिस्त्री निघालो. परळला पुलावर चढलो. पहिल्या फेरीला गाडी सुतासारखी सरळ गेली. राणीच्या बागेपाशी उतरून वळसा घालून परत आलो. दुसऱ्या फेरीला मिस्त्रींनी सांगितलं, गॅसवर ठेवा, तिसरा टाका, वेग पडू द्या आणि मग पाय दाबा. मी दाबला. मागे बसची रांग, वर पावसाची भुरभुर, आणि गाडीने तोच आचका दिला. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती तो आचका त्या क्षणी मला हवाहवासा वाटला. दिवा लुकलुकला. मी पाय उचलला. पूल उतरून कडेला थांबलो, मिस्त्रींनी मांडीवर स्कॅनर उघडला आणि आकडा मला वाचून दाखवला.

पी ०३०१.

अण्णांनी काळा चष्मा काढला, स्कॅनरकडे बघितलं आणि पुन्हा लावला.

गॅरेजवर परतल्यावर मिस्त्रींनी प्लगही काढले. त्यांचं म्हणणं, कॉइल सहसा उगाच मरत नाही. फीलर गेजची पाती प्लगच्या टोकांमध्ये सरकवली. १ मिलिमीटरची आरामात गेली, १.२चीही गेली. गाडीच्या पुस्तकात यापेक्षा बरंच कमी सांगितलं आहे, आणि गॅसवर तर अंतर आणखी काटेकोर ठेवावं लागतं. वर्षानुवर्षं ठिणगी पडून टोकं झिजतात, फट रुंदावते, ती ओलांडायला कॉइलला दर वेळी जास्त जोर काढावा लागतो. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे होतात, त्यात एका प्लगला ४०० ठिणग्या. तासाला २४,०००. दर ठिणगीला थोडा जास्त ताण, असं माझ्या गाडीत कितीतरी महिने चाललं होतं. प्लग कधी बदलले ते मला आठवेना. तेलाची तारीख मी लिहून ठेवते, प्लगची ठेवली नव्हती. आता ठेवते.

एक कॉइल आणि चार प्लग घेतले. बाकीच्या तीन कॉइल पुसून जागच्या जागी बसवल्या. निघताना मिस्त्रींनी जुनी कॉइल भंगाराच्या डब्यात टाकली, तर अण्णा म्हणाले, "ती द्या मला."

घरी येईपर्यंत ते गप्प होते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. दम खायला थांबले असतील असं वाटलं मला. म्हणाले, "फट चारही प्लगची वाढलेली. मग तीनच नंबर का?"

मला उत्तर देता आलं नाही. मधला सिलिंडर जास्त तापत असेल, मी म्हणाले. मग दोनही मधलाच, ते म्हणाले.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, आई गणपतीची पितळेची भांडी काढून चिंचेने घासत होती आणि अण्णा गॅलरीत पाट टाकून बसले होते. पायाच्या दोन बोटांत कॉइल धरलेली, हातात लोखंड कापायची करवत. मी ओरडले, डोळ्याला कण जाईल. त्यांनी माझ्याकडे न बघता आपल्या डोळ्यांवरच्या चष्म्याला बोट लावलं. मी पाट ओढून समोर बसले आणि कॉइल पकडून धरली.

दुकानातलं वाइंडिंग जळलं की तार काढून पुन्हा भरता यायची. या कॉइलला ती सोय नाही. सगळ्या गुंडाळ्या एपॉक्सीत बुडवून टाकलेल्या, दगडासारख्या. कारखान्यात ती एपॉक्सी निर्वातात भरतात, आतली हवा खेचून घेऊन. अण्णांना हे मी सांगितलं तर त्यांना फार बरं वाटलं. "म्हणजे तेच," ते म्हणाले.

कापायला तास लागला. काळी भुकटी वर्तमानपत्रावर साठत गेली, तिला करपलेल्या बटणाचा वास होता. मग दोन तुकडे सुटे झाले. अण्णांनी एक तुकडा काचपेपरवर पाणी टाकून घासला, पुसला, पुन्हा घासला. तांबं वर आलं. जाड तारेचे गोल ठिपके एका रांगेत, आणि त्यांच्याबाहेर बारीक तारेचे असंख्य कण, भाजलेल्या रव्यासारखे, खण पाडून भरलेले. शेजारशेजारच्या वेढ्यांत व्होल्टचा फरक फार पडू नये म्हणून ते खण. अण्णा भिंग लावून बघत राहिले. "काय भरलंय," म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं कौतुक मी दुसऱ्या कुणाच्या कामासाठी क्वचितच ऐकलंय.

मग त्यांचं भिंग एका जागी थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यांनी मला जवळ बोलावलं, भिंग माझ्या डोळ्यासमोर धरलं आणि सुईच्या टोकाने दाखवलं.

शेवटच्या खणापासून गाभ्याच्या लोखंडापर्यंत एपॉक्सीतून एक काळी रेघ गेलेली होती. सरळ नव्हती. झाडाच्या मुळासारखी फुटत, वळत, पुन्हा एकत्र येत गेलेली. आणि जिथून ती सुरू होत होती तिथे खसखशीच्या दाण्याएवढी एक गोल पोकळी होती. तिची आतली भिंत काजळलेली.

प्लगच्या फटीने ताण चौघींवर सारखाच टाकला होता. इथे मात्र एपॉक्सीऐवजी हवा होती. हवेला तेवढे व्होल्ट सोसत नाहीत. त्या पोकळीत दर ठिणगीबरोबर डोळ्याला न दिसणारी एक छोटी ठिणगी पडत राहिली असणार, आणि प्रत्येक वेळी भिंतीचा एक कण खात ती लोखंडापर्यंत पोचली.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. तो तुकडा अंगठ्याने पुसला, तळहातावर घेऊन उन्हाकडे धरला.

"बुडबुडे थांबायच्या आधी काढली कुणीतरी," ते म्हणाले.